मुसैयबची सहा घरं

आमच्या कारखान्यात मुसैयब गुणगुणत असेल तर समजावं, मिलिंग मशीन नीट चालू आहे. तो गप्प झाला की काहीतरी बिघडलं. मी हैबत, लेथवर असतो. तीस वर्षं पोलाद कातून कातून तुमची जीभही धारदार झालीय, असं बायको म्हणते, आणि ते खोटं नाही. माझ्या तोंडून कुणाचं कौतुक सहजासहजी निघत नाही. मुसैयबचं निघतंय ते एवढ्यासाठी, की एकदा मी त्याला बुडताना काठावरून बघत उभा होतो आणि ते मला अजून खातं.

तो मूळचा आमच्या धंद्यातला नाही. तबरीझच्या जुन्या बाजारामागे गालिच्याचा एक कारखाना होता, तिथे तो नक्षा गायचा. रुंद मागावर पाच विणकर एका ओळीत बसलेले, आणि हा त्यांच्या मागे स्टुलावर, हातात चौकटी आखलेला कागद घेऊन. "दोन लाल, एक निळा, एक सोडा, तीन पांढरे," असं चालीवर म्हणत राहायचा. एकच गाणं, पाचही जण आपापल्या जागेवरून मोजून गाठी मारायचे. कागदावर नक्षा अर्धाच असायचा. मधल्या रेषेच्या उजवीकडच्यांनी तो म्हणेल तसं विणायचं, डावीकडच्यांनी तेच उलट्या बाजूने. ही डाव्या-उजव्याची सवय लक्षात असू द्या, पुढे तिनेच त्याचा घात केला.

बाहेरचं गिऱ्हाईक आटलं, गालिच्याच्या कारखान्याला कुलूप लागलं. मुसैयबची तेव्हा चाळिशी उलटलेली, आणि गळ्याखेरीज दुसरं कसब नाही. आमचे मालक गफूर आगा यांनी त्याला झाडू दिला. तीन वर्षं तो मशीनखालचा पोलादाचा कीस गोळा करत होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे रस्सा-भाकरी ओरपायचे तेव्हा हा मशीनच्या माहितीपुस्तकाची झेरॉक्स मांडीवर घेऊन ओठ हलवत बसायचा. आम्ही त्याला मुल्ला म्हणायचो.

मिलिंग मशीनवर तेव्हा एक पदवीवाला पोरगेला साहेब होता. टेबलावर तुकडा घट्ट धरून ठेवणारा एकच व्हाइस. तुकडा लावा, दार लावा, कापायचं टूल पाच वेळा बदलणार, दार उघडा, तुकडा काढा. आगांनी वैतागून सहा व्हाइस लावायला सांगितले, तर त्याने मशीनला हुकूम देणारा एकच प्रोग्राम सहा वेळा उतरवून काढला आणि प्रत्येक प्रतीत आकडे बदलले. चौथ्या प्रतीत एक आकडा चुकला. टूल व्हाइसच्या जबड्यातच घुसलं, मशीनची मान दुखावली, आणि साहेब महिन्याभरात इस्तंबूलला निघून गेले. मशीनवर कापड पडलं. कझवीनचा एक माणूस ते विकत घ्यायला टपलेला होताच.

तेव्हा मुसैयब झाडू हातात घेऊनच आगांपुढे उभा राहिला. "आगा, नौरोजपर्यंत हे मशीन मला द्या."

"तुला?" आगा म्हणाले. "अरे, तू त्याच्याखालचं झाडतोस."

"तीन वर्षं झाडतोय आगा. झाडताना डोळे थोडेच मिटलेले असतात?"

मी लेथवरून ओरडलो, "द्या आगा, द्या. मशीनला पण जरा गाणं येईल."

सगळे हसले. तोही हसला. आगांनी हात झटकला. नौरोजला, म्हणजे वसंतातल्या आमच्या नववर्षाला, चार महिने होते. "तोवर मशीनने स्वतःचं पोट भरलं तर राहील," ते म्हणाले. "नाहीतर ते कझवीनला जाईल आणि तू परत झाडूला. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

पहिला आठवडा त्याने मशीन नुसतं पुसलं. दुसऱ्या आठवड्यात अडगळीतून सहाही व्हाइस काढले आणि टेबलावर तीन-तीनच्या दोन रांगा लावल्या. एकेक व्हाइस सरळ करायला त्याला अख्खी सकाळ लागायची. मी चहाचा पेला घेऊन मजा बघायला गेलो.

"पुन्हा सहा?" मी म्हणालो. "त्या साहेबाने एक टूल मोडलं, तू सहा मोडणार वाटतं."

"बसा हैबत उस्ता. या मशीनला सहा घरं लक्षात राहतात. चोपन्न ते एकोणसाठ असे त्यांचे नंबर. एकेका व्हाइसचा कोपरा म्हणजे एकेक घर. मशीनला एकदा दाखवून ठेवलं की तिथे शून्य धरून ते पुढचं सगळं मोजतं."

"मग प्रोग्राम सहा लिहावे लागणार."

"तिथेच तर त्या साहेबाचं चुकलं. सहा वेळा लिहिलं की सहा वेळा चुकायची सोय झाली. मी पाच विणकरांना पाच कागद वाचून दाखवत होतो का? तुकड्याचा प्रोग्राम एकदाच लिहायचा. मग नुसतं सांगायचं, चोपन्न नंबरच्या घरी जाऊन हे कर, आता पंचावन्नच्या घरी जाऊन हेच कर."

"आणि टूल बदलायला जो वेळ जातो?"

"लग्नाची आमंत्रणं द्यायला निघालं तर माणूस एका घरी जाऊन, घरी येऊन, कोट बदलून मग दुसऱ्या घरी जातो का? अख्खी गल्ली करूनच येतो. पहिलं टूल सहाही घरी जाऊन येईल, मगच दुसरं बाहेर पडेल. सहा तुकड्यांना तीस वेळा बदलायचं, ते आता पाच वेळा."

मला पटलं होतं, पण तसं म्हणालो असतो तर मी हैबत कसला. "गल्लीत एखाद्या घराच्या चौकटीला डोकं आपटेल," मी म्हणालो.

"आपटेल ना. म्हणून दोन नियम. एका घरातून निघताना टूल आधी सगळ्या व्हाइसच्या वर उचलायचं. आणि काम सांगण्याआधी घराचा नंबर सांगायचा, दर वेळी, आठवत असला तरी. नंबर राहिला की टूल मागच्याच घरात परत शिरतं."

पहिली चाचणी त्याने बटाट्यांवर घेतली. कोपऱ्यावरच्या बटाटा-अंड्याच्या गाडीवाल्याकडून सहा मोठे कच्चे बटाटे आणले आणि सहा व्हाइसमध्ये हलक्या हाताने आवळले. आम्ही काम सोडून भोवती जमलो. टूल एका बटाट्यातून उठलं, वर गेलं, दुसऱ्यावर उतरलं. सहाही बटाट्यांत तंतोतंत एकाच जागी एकसारखा खळगा पडला. आगा म्हणाले, "पोलाद कापायचं मशीन घेतलं होतं मी, भाजी चिरायचं नव्हे." पण ते खळगे व्हर्नियर लावून मोजले त्यांनीच.

व्हाइसवर त्याने खडूने नावं लिहिली, त्याच्या मागावरच्या पाच विणकरांची. चोपन्न म्हणजे बहलूल, पंचावन्न शामिल, अशी पाच. सहाव्याला नाव नव्हतं. "सहावा माणूस नव्हताच मागावर," तो म्हणाला. प्रोग्राम चालू असला की तो मशीनशेजारी उभा राहून जुन्याच चालीवर म्हणायचा, "बहलूल, भोक पाड. शामिल, भोक पाड." दिवसाला वीस तुकडे निघायचे ते पन्नासच्या वर निघू लागले. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या लेथसमोर तीस वर्षांत कुणी कामं सोडून जमलं नव्हतं, आणि एक झाडूवाला चार महिन्यांत आमच्यासारखा कसबी उस्ता होऊ पाहत होता. खरं सांगतो, माझ्या पोटात दुखत होतं.

नौरोजला महिना उरला तेव्हा सोलमाज खानुम नावाच्या बाई आल्या. अधू पायांच्या मुलांसाठी पायाला बांधायच्या पट्ट्या त्या बनवतात. पट्टीचा गुडघ्यापाशी वाकणारा सांधा पूर्वी परदेशातून यायचा, तो येणं बंद झालं होतं. साठ जोड्या हव्या होत्या, साठ उजव्या, साठ डाव्या. "सणाला ही मुलं नातेवाइकांकडे स्वतःच्या पायांनी गेली पाहिजेत," त्या म्हणाल्या. आगांनी काम घेतलं आणि मुसैयबला बाजूला बोलावून सांगितलं, "हे जमलं तर मशीन राहिलं. कझवीनच्या माणसाला मी नौरोजच्या आधीच्या शनिवारी बोलावलंय. ट्रक घेऊनच येणार आहे तो."

सांध्याचे तुकडे मिलिंगवर आणि सांधा धरणारे एकशेवीस स्क्रू माझ्या लेथवर, अशी वाटणी झाली. पोलाद चिवट होतं, आटे पाडायचे टॅप त्यात मोडायचे. म्हणून मुसैयबने भोकात बारीक कटर गोल गोल वर चढवत आटे कापायचे ठरवले. पुढच्या तीन व्हाइसमध्ये उजवे तुकडे, मागच्या तीनमध्ये डावे. डाव्यांसाठी त्याने वेगळं काही लिहिलंच नाही. मशीनला एक आरशाचा हुकूम असतो. तो दिला की तोच प्रोग्राम उलट्या बाजूने चालतो. अर्धा नक्षा कागदावर, अर्धा आरशातून. त्याला हे इतकं घरचं वाटलं, की त्या दिवशी तो सकाळपासून गात होता.

तुकडे देखणे निघाले. सगळी मापं बरोबर. पहिल्या उजव्या तुकड्यात त्याने माझा स्क्रू फिरवून पाहिला, लोण्यासारखा गेला. डाव्यात कुणी फिरवला नाही, कारण प्रोग्राम तोच होता. मी मात्र सोमवारी एक डावा तुकडा उचलला होता आणि माझ्या नखाला त्याची कड लागली. उजव्याची कड गुळगुळीत, डाव्याची किंचित खरखरीत. सगळ्या डाव्यांची. याचा अर्थ कटर तिथे पोलाद उलट्या अंगाने कापत होता, आणि उलटं कशामुळे हे शोधायला हवं होतं. मी तुकडा परत खोक्यात ठेवला आणि लेथकडे गेलो. म्हटलं, बघू या. गातोय तर गाऊ दे.

बुधवारी सोलमाज खानुम पहिली जोडी बघायला आल्या. आगांनी मलाच जोडायला सांगितलं. उजवा सांधा दोन मिनिटांत तयार झाला. डाव्यात स्क्रू शिरेना. आधी वाटलं कीस अडकलाय. फुंकर मारली, दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. मग भिंग लावून भोकात पाहिलं. आटे होते, सुंदर होते, पण उलट्या अंगाने चढत गेलेले. साठच्या साठ तुकड्यांत डावे आटे.

मुसैयबने भिंग माझ्या हातातून घेतलं. बराच वेळ बघितलं. मग त्याने उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवत वर नेलं, त्याच्यासमोर डाव्या हाताचं बोट तसंच आरशासारखं नेलं, आणि दोन्ही बोटांकडे बघत राहिला.

"आमची गालिच्याची गाठ दोन्हीकडून सारखी असते," तो हळूच म्हणाला. "आरशात धरली तरी तीच गाठ. आट्याचं तसं नाही. माझी चूक आहे, आगा. मशीनची नाही, कुणाचीच नाही."

"मग डावे स्क्रू करून घाला," आगा म्हणाले. "हैबत कातेल."

"नाही चालणार," सोलमाज खानुम म्हणाल्या. "खेड्यात स्क्रू पडला तर आई बाजारात जाईल आणि साधा स्क्रू आणेल. तो बसला नाही तर मूल परत अंथरुणावर."

आगांचा चेहरा लाल झाला. "झालं तर मग. हैबत, पाना घे. सगळे व्हाइस उतरव, मशीन पुसून ठेव. शनिवारी ट्रक येतोय."

मुसैयब मशीनसमोर आडवा उभा राहिला. त्या माणसाला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही त्याने चढवला नाही. "आगा, माझं काय करायचं ते करा. व्हाइस उद्या संध्याकाळपर्यंत हलवू नका. ते हलले की घरं मोडली. आत्ता प्रत्येक तुकडा ज्या व्हाइसमधून निघाला त्यातच परत बसतो, भोक जिथे होतं तिथेच सापडतं. एक माप मोठं भोक पाडलं की उलटे आटे मुळासकट जातात. मग जाड स्क्रूचे आटे पाडायचे, दोन्ही बाजूंना, म्हणजे जोडी सारखी राहील. खानुम, कडेला तेवढं पोलाद उरतं का?"

सोलमाज खानुमनी तुकडा मोजला. "उरतं. जाड स्क्रू उलट बराच. पण शनिवारी सकाळी हवेत."

"गुरुवार अर्धा दिवस, शुक्रवार सुट्टी," आगा म्हणाले. "आणि हे एकशेवीस तुकडे पुन्हा बिघडले तर? एकदा तुझं ऐकलं तेवढं पुरे. हैबत, उतरव."

पाना माझ्या हातात होता. सहा व्हाइसचे बोल्ट, दहा मिनिटांचं काम. मुसैयबने माझ्याकडे बघितलं नाही, खडूने लिहिलेल्या त्या नावांकडे बघत होता. मी पाना खिशात घातला.

"आगा," मी म्हणालो, "डाव्या तुकड्यांची कड खरखरीत होती. मी सोमवारी बघितली. तेव्हा निम्मे तुकडेही झाले नव्हते. मी बोललो असतो तर त्याने तेव्हाच शोधून काढलं असतं. बोललो नाही."

"का नाही बोललास?"

"जळत होतो म्हणून."

आगा माझ्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तीस वर्षांत तू पहिल्यांदा स्वतःची चूक कबूल करतोयस. उद्याचा दिवस घ्या दोघं. त्यानंतर मात्र मी काही ऐकणार नाही."

गुरुवारी सकाळी बर्फ पडत होतं. मुसैयबने आरशाचा हुकूम आट्यांपासून काढला. डाव्या घरांत भोक कुठे आहे तेवढंच आरशातून मोजायचं. आटा मात्र सहाही घरांत उजवाच चढायचा. भोकाचं आणि आट्याचं काम त्याने अठरा ओळींत लिहिलं, आणि सहा घरांना तेच सहा वेळा सांगितलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "हैबत उस्ता, तुम्ही ऐका. चुकलं तर टोका." मी तीन वेळा ऐकलं. त्यानंतर पहिले सहा तुकडे लावले. दार उघडलं तेव्हा मी स्वतः डाव्या तुकड्यात जाड स्क्रू फिरवला. गेला. तुकड्याला हात लावून उगाच तसाच उभा राहिलो.

सहाच्या वीस खेपा होत्या. त्याचं मशीन चालू असताना मी माझ्या लेथवर नव्याने एकशेवीस जाड स्क्रू कातत होतो. आधीचे एकशेवीस भंगारात गेले होते आणि त्याबद्दल मला एका शब्दानेही कुरकुर करायची नव्हती. दुपारी बाकीचे घरी गेले. गाडीवाल्याकडून बटाटा-अंड्याच्या दोन गुंडाळ्या आल्या, त्या उभ्यानेच खाल्ल्या. मध्येच माझ्या लक्षात आलं की तो पुन्हा गातोय, आणि माझा पाय त्याच्या तालावर पडतोय. अंधार पडायच्या आत शेवटचे सहा निघाले. एकही तुकडा वाया गेला नाही.

आपल्या चुकीवर पांघरूण घालणारे मी पुष्कळ पाहिलेत, मीही त्यातलाच. मुसैयबने ती चूक मालकासमोर, गिऱ्हाइकासमोर नाव घेऊन उचलली, आणि दुसऱ्या दिवशी गात गात दुरुस्त केली. असा कारागीर मी दुसरा बघितला नाही, आणि हे म्हणताना मला आता जड जात नाही.

शनिवारी ट्रक आला. तेव्हा सोलमाज खानुमच्या गाडीत खोकी चढत होती. कझवीनचा माणूस हात चोळत म्हणाला, "काय आगा, मशीन तयार आहे ना?"

"मशीन कामात आहे," आगा म्हणाले. "उस्ता मुसैयबना विचारा, सोडतायत का बघा." त्याला उस्ता म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. कझवीनवाला दोन पेले चहा पिऊन रिकामा ट्रक घेऊन गेला.

नौरोजच्या सुट्टीनंतर मी कामावर आलो तर सहाव्या व्हाइसवर खडूने काहीतरी लिहिलेलं. जवळ जाऊन वाचलं. हैबत.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कोपऱ्यातला आहे," मुसैयब म्हणाला. "किंचित सरकतो कधीकधी. रोज सकाळी तपासलेला बरा."

मी त्याला चार शिव्या दिल्या. त्यालाही दोन वर्षं होत आली. रोज सकाळी लेथ सुरू करण्याआधी मी केसभर फरकही दाखवणारी मापाची डायल घेऊन जातो आणि तो सहावा व्हाइस स्वतः तपासतो. अजून तरी केसभरही हललेला नाही.